वरच्या तालीची माती

काल दुपारी सेवेरी काकांना पुरलं.

या वहीत मी रोज चार ओळी लिहिते. कोंबड्यांनी अंडी किती दिली, आज कुठल्या संताचा दिवस, कोण आजारी, पाऊस झाला की नुसतंच आभाळ भरून आलं. काल काहीच लिहिलं नाही. आज बसले आहे ती सगळंच लिहायला. जे लिहायचं ते तेवीस वर्षांपूर्वी बोलायचं होतं. तेव्हा बोलले नाही म्हणून आज लिहायची पाळी.

काकांनी जाण्याआधी एकच मागणं केलं. आमच्या बेनितारमध्ये मेलेल्या माणसाला दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात सरकवतात आणि तोंड चुन्याने लिंपून घेतात. जमीन सगळी खडकाची, खड्डा खणत कोण बसणार? पण काका म्हणाले, "मला भिंतीत ठेवू नका. जमिनीत घाला, वरून माती टाका."

आमची शेजारीण तोमासा तिथेच माळ ओढत बसली होती. ती म्हणाली, "ऐका! जन्मभर गडगे रचले आणि आता ह्यांना भिंत नको. काका, तुमचा हट्ट काही जात नाही बरं का."

काका हसले. त्या हट्टाचं मूळ कुठे आहे ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. एक मरत होता, आणि दुसरी लिंबाचं पाणी ढवळत उभी होती.

सेवेरी काका माझ्या बापाचे सोबती आणि माझे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरलं ते त्यांनीच. आमच्या एस्पादानच्या डोंगरात गावातल्या प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं. काकांचं होतं 'कान'. कारण दगड उचलला की ते त्याला हातोडीने हलकंच टिचकी मारायचे आणि कान लावायचे. 'ठण्' वाजला तर गडग्यात, 'भद्' वाजला तर टाकून द्यायचा. चुना नाही, चिखल नाही, नुसता दगडावर दगड. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक बसवायचा, मागून चिपा ठोकायच्या, आणि पाणी वाहून जायला जागा ठेवायची. त्यांच्या आज्यानं असे गडगे रचून डोंगरउतारावर केलेल्या ताली, म्हणजे पायऱ्यांसारखी शेतं, अजून उभ्या आहेत. काकांचा गडगा ढासळलेला गावाने कधी पाहिला नव्हता. सण असो की लग्न, पाहुण्यांना आधी चर्च दाखवायचे आणि मग काकांच्या ताली.

गडगा कशासाठी, तर माती धरायला. आमच्याकडची माती डोंगराची नाही, माणसांची आहे. पणजोबा-खापरपणजोबांनी खाली नदीच्या पात्रातून पाट्या भरभरून ती डोक्यावरून वर आणली, एकेका तालीत ओतली. ढगफुटी झाली की आम्ही आधी कोंबड्या शोधत नाही, पाट्या शोधतो. वाहून गेलेली माती खालच्याच्या तालीत अडकते, तो ती ओढून एका बाजूला ढीग करून ठेवतो, आणि वरचा येऊन घेऊन जातो. दुसऱ्याची माती ठेवून घेणारा माणूस आमच्यात कोंबडीचोरापेक्षा हलका. त्याच्या घरी सोयरीक होत नाही.

माझ्या बापाच्या तीन ताली सगळ्यात वर, डोंगराच्या धारेच्या जरा खाली. सात चेरीची झाडं. एकोणीसशे छत्तीसच्या वसंतात शेवटची पाटी ओतून बाप त्या पाटीवरच बसला आणि तसाच गेला. मी एकुलती एक. त्याच उन्हाळ्यात देशभर आपसातलं युद्ध पेटलं, चर्चमधल्या मूर्ती चौकात जाळल्या, दाराला फळ्या ठोकल्या. मी जपमाळ हरभऱ्याच्या बरणीत लपवली. माळ बरणीत, बापाची माती डोंगरावर. माझं म्हणून जे होतं ते एवढंच.

अडतीसच्या वसंतात युद्ध आमच्या दारात आलं. बंडखोर जनरलांचं सैन्य वालेन्सियाकडे उतरत होतं, आणि प्रजासत्ताकाच्या सैन्याने ठरवलं की त्यांना आमच्या धारेवर अडवायचं. लेफ्टनंट मोरात नावाचे एक चष्मेवाले गृहस्थ आले. युद्धाआधी ते शाळेत चित्रकला शिकवायचे. बंदूक त्यांच्या खांद्यावर छत्रीसारखी लोंबायची. त्यांनी गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना मोर्चेबांधणीला लावलं. माझा नवरा गास्पार एका पायाने आखूड, बुचाच्या झाडांची साल काढणारा, म्हणून सैन्यात घेतला नव्हता. पण दगड वाहायला दोन्ही पाय सारखे लागत नाहीत म्हणून तोही वर. आणि मुख्य कारागीर अर्थातच सेवेरी काका.

एके सकाळी मी चेरीला पाणी घालायला वर गेले तर माझ्या तिन्ही तालींच्या कठड्यावर चुन्याचा पांढरा फराटा. मी गास्पारला विचारलं. तो म्हणाला, "लेफ्टनंटला माती पाहिजे. चारशे पोती भरणार म्हणे. धारेवर तर नुसता खडक, जवळची माती आपलीच."

"सगळी?"

"सगळी. चेरीच्या मुळांना टोप्या शिवून ठेव, थंडी वाजेल त्यांना."

त्याला संकटात विनोद सुचतात. मला सुचत नाहीत. मी त्या दिवसापासून शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोची नऊ दिवसांची नोवेना धरली, दार लावून, ओठ न हलवता. धारेवर माणसं मरायला चालली होती आणि मी नऊ दिवस मातीसाठी प्रार्थना केली. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

आणि नुसती प्रार्थना केली नाही. तिसऱ्या दिवशी सेवेरी काकांकडे गेले. ते अंगणात छिन्नीला धार लावत होते.

"काका, माझ्या बापाची माती वाचवा."

"लेफ्टनंट म्हणतोय दगडावर गोळा पडला की दगडच फुटून उडतो. माती तो गिळते. पोती पाहिजेतच म्हणतो."

"त्याला काय कळतंय? तो चित्रं काढणारा."

"मला तरी काय कळतंय, पोरी? मी कुठे गोळा पडताना बघितलाय?"

"मी तुमचा गडगा पडलेला कधी बघितला नाही," मी म्हणाले.

काकांनी छिन्नी खाली ठेवली. त्यांचा चेहरा खुलला तो मला दिसला, आणि मला बरंही वाटलं, की मात्रा लागू पडली. अजून आठवतं, मी आणखी एक वाक्य घातलं: "बाप असता तर त्यानेही तुमच्याच गडग्यावर भरवसा ठेवला असता."

"जा घरी," काका म्हणाले. "तुझ्या तालीला कोणी हात लावणार नाही. आणि तू आलीस हे कोणाला सांगू नको. बायकांच्या सांगण्यावरून सेवेरी गडगा रचतो असं नको व्हायला."

दुसऱ्या दिवशी मी गास्पारचं जेवण घेऊन वर गेले तेव्हा दोघांचं जुंपलेलं होतं.

"काका, ही शाळेतली भांडणं नाहीत," लेफ्टनंट म्हणत होते. "मला माती द्या."

"साहेब, तुम्ही कुठले?"

"कार्ताहेनाचा."

"म्हणजे समुद्राकाठचे. तिकडचा दगड मला माहीत नाही. इथला तांबडा दगड माझं ऐकतो. चार हात जाडीचा गडगा देतो तुम्हाला, दोनशे पावलं लांब. तुमच्या नातवाला घेऊन या दाखवायला. माती मात्र नाही. मातीला हात लावलात तर उद्यापासून या गावचा एक माणूस वर येणार नाही."

मागची माणसं "बरोबर, बरोबर" म्हणाली. त्यांच्याही ताली होत्याच ना खाली. लेफ्टनंटनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडे खेचरं चारच, आणि दिवस थोडे.

"तुमच्या जबाबदारीवर, काका."

"माझ्या जबाबदारीवर," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी भाकरी आणि कांदा फडक्यातून काढून गास्पारपुढे ठेवत होते. माझे हात अगदी स्थिर होते.

तीन आठवड्यांत गडगा उभा राहिला. खोटं कशाला बोलू, देखणा होता. धारेच्या कण्यावरून नागमोडी गेलेला, प्रत्येक दगडाचं तोंड बाहेर, कुठे बोट शिरणार नाही. जूनमध्ये सैनिक आले. आमच्या घरी अकरा दिवस एलादिओ नावाचा एक जण उतरला होता. ला मांचाच्या सपाट मुलखातला, धंद्याने भटारी, गोल चेहऱ्याचा, सारखा काहीतरी हुंगणारा. पहिल्याच दिवशी माझ्या भट्टीत डोकं घालून म्हणाला, "वहिनी, ही भट्टी रडतेय. हिला कोणी नीट तापवत नाही." आणि त्या दिवसापासून पाव तोच भाजू लागला. गास्पार म्हणायचा, "अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा चांगला पाव खातोय, युद्धाचे उपकार."

एलादिओ काकांचा गडगा बघून आला आणि म्हणाला, "काका, आमच्या मुलखात दगडच नाही. सगळ्या भिंती चिखलाच्या. कुरूप असतात, पावसात विरघळतात. पण गोळी आत गेली की बाहेर येत नाही. तुमची भिंत फार सुंदर आहे. इतकी सुंदर की तिच्यामागे उभं राहायची लाज वाटते."

"मग वाकून उभा राहा," काका म्हणाले, आणि सगळे हसले.

जुलैच्या मध्यावर तोफा सुरू झाल्या. बायकामुलांना खाली किनाऱ्याकडे पाठवलं. आम्ही पाच-सहा जणी मागे राहिलो, कारण डॉक्टरने धुण्याच्या टाकीपाशी टेबलं मांडली होती आणि त्याला पाणी तापवायला, चादरी फाडायला हात हवे होते. दिवसभर धारेवर धूर. काका आपल्या खेचरावरून जखमी खाली आणत. एका खेपेला दोघे, दोन्ही बाजूंना बांधलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एलादिओला आणलं. तोंडाला शर्ट गुंडाळलेला. मी परातीत पाणी धरून उभी होते. डॉक्टरने शर्ट काढला आणि चिमट्याने एकेक तुकडा काढून माझ्या परातीत टाकू लागला. रक्ताच्या गुठळ्या वाटल्या मला. मग पाणी हललं, रक्त सुटलं, आणि खाली तांबड्या दगडाच्या कपच्या राहिल्या. आमच्या डोंगराच्या. कापलेल्या कडा अगदी ताज्या.

डॉक्टर तरुण होता, तीन रात्री झोपलेला नव्हता. तो चिमटा आपटून ओरडला, "लोखंड नाही! सकाळपासून एकाच्याही अंगात लोखंड नाही! सगळे दगड! हा गडगा कोणी रचला? पोती का भरली नाहीत?"

टाकीपाशी सगळे वळून बघू लागले. तोफा नेमक्या त्याच वेळी थांबल्या असं मला वाटतं, पण ते माझं मन असेल.

"मी रचला," काका म्हणाले. "माझा हट्ट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी परात धरून उभी होते. एक पाऊल पुढे टाकून 'मी सांगितलं त्यांना' एवढे तीन-चार शब्द. पाणी इतकं गार झालं होतं की बोटं बधिर झाली. मी म्हणाले, "दुसरं गरम पाणी आणते," आणि गेले.

एलादिओचे दोन्ही डोळे गेले. त्या चार दिवसांत त्या टेबलांवरून एकोणीस जण उठले नाहीत. त्यांत दगडाने किती आणि लोखंडाने किती, हे मी कोणाला विचारलं नाही.

धार शत्रूच्या हाती गेली नाही. हे लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सगळं वाया गेलं. पलीकडचे सैनिक चार दिवस चढले आणि चार दिवस खाली ढकलले गेले. मग लढाई दुसरीकडे, मोठ्या नदीवर सरकली आणि आमची धार युद्ध संपेपर्यंत तशीच उभी राहिली. लेफ्टनंट मोरात हात गळ्यात बांधून खाली आले. काका रस्त्यात उभे होते, शिव्या खायला तयार. लेफ्टनंट म्हणाले, "गडगा टिकला, काका." आणि पुढे निघून गेले. त्या माणसाने शिव्या दिल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

पण मला सांगायचं आहे ते दुसरं. लढाईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासूनच काकांनी पोती भरायला घेतली होती. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या ताली धारेपासून शंभर पावलांवर होत्या. काका त्या ओलांडून खाली गेले, गावाशेजारच्या स्वतःच्या तालींत, आणि तिथून माती उपसून, खेचरावर घालून, तासाभराची चढण चढून वर नेली. पहिल्या दिवशी गास्पार त्यांना म्हणाला, "अहो काका, वरच्या तालीतली घ्या ना, हाकेच्या अंतरावर आहे. मी सांगतो कोन्सोलला."

"शब्द दिलाय," काका म्हणाले.

"कोणाला?"

"मेलेल्याला."

गास्पारला वाटलं, माझ्या बापाला. शब्द दिलेला होता मला.

सप्टेंबरपर्यंत काकांच्या पाचही ताली खडकापर्यंत उघड्या पडल्या. त्यांचे बदाम दुसऱ्या वर्षी वाळले. माझ्या चेरीला अडतीसच्या जूनमध्ये इतकं पीक आलं होतं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. ती फळं मी सैनिकांना वाटली, त्यांचा मुरंबा जखमींना वाटला. पुण्य केल्यासारखं वाटलं मला तेव्हा.

युद्ध संपल्यावर जिंकलेले आले. शिपायांनी चौकात विचारलं, धारेवरची तटबंदी कोणी बांधली? काका पुढे झाले. "मी बांधली. आणि वाईट बांधली." शिपायांना वाटलं थट्टा करतोय, त्यांनी आणखी दोन ठोसे घातले. चौदा महिने तुरुंगात होते. परत आले तेव्हा कानशिलावर एक खोक होती आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. गावाने टोपणनाव मात्र बदललं नाही.

चर्च उघडलं. नवीन पाद्री आले. माझ्या मनात आलं, आता सुटका. तीन वर्षांत पापांची कबुली झालेली नव्हती, मी पहिल्याच शनिवारी गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. मातीची नोवेना, काकांची खुशामत, परात, एकोणीस जण. जाळीपलीकडून पाद्री म्हणाले, "धारेवर होते ते कोण होते?"

"सैनिक होते, फादर."

"धर्मद्रोही सैनिक. मुली, त्यात तुझं पाप कसलं? उलट देवाने तुझ्या हातून काम करून घेतलं. तीन वेळा 'प्रणाम मारिया' म्हण आणि ओठ न हलवता प्रार्थना केलीस त्याबद्दल आणखी एकदा."

मी चारही म्हटले. बाहेर आले तर आत होतं तेवढंच ओझं बाहेरही होतं. देवाच्या क्षमेवर शंका घेणं हे पाप आहे, ते मला ठाऊक आहे. मी क्षमेवर शंका घेतली नाही. पण ज्याने एलादिओच्या हातचा पाव खाल्ला नव्हता, त्याला काय सोडवायचं आहे तेच कळलं नव्हतं.

काकांनी त्यानंतर दगडावर दगड ठेवला नाही. लोक यायचे, ताल ढासळली, दोन दिवस या. काका म्हणायचे, "हात गेले माझे." पण पाऊस झाला की पाटी घेऊन पहिले हजर. कोणाचीही माती असो, डोक्यावरून वर नेऊन द्यायचे. विधवांची, म्हाताऱ्यांची, भांडण असलेल्यांचीही. आणि दर रविवारी धारेवर जाऊन गडग्याचा थोडा भाग उतरवायचे, दगड एकेक करून आडवे जमिनीवर मांडून ठेवायचे. शिपाई हटकायचे, "म्हाताऱ्या, काय करतोस?" काका म्हणायचे, "निजवतोय."

बावन्न साली एलादिओ आला. बहिणीचा हात धरून, काळा चष्मा लावून, अजून तसाच हुंगत. "वहिनी, भट्टी अजून रडतेय," दारातूनच म्हणाला. मी रडले आणि हसले. त्याला काकांना भेटायचं होतं. दोघे अंगणात बसले, मी बदामाची वडी आणि गोड दारू ठेवली.

"काका, मी राग घेऊन आलो नाही," एलादिओ म्हणाला. "भट्टीला डोळे लागत नाहीत, नाकाने पाव भाजतो. पण एक विचारायचं होतं. लेफ्टनंट आम्हाला सांगायचा, पोती येणार आहेत. रोज सांगायचा. मग आली का नाहीत?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. बहीण त्यांच्याकडे बघत होती. मी ताट धरून दारात होते, काकांच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला.

"माझा हट्ट," काका म्हणाले. "मला वाटलं, माझा दगड फुटत नाही."

एलादिओने हात पुढे केला, चाचपत काकांचा हात शोधला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी आत जाऊन ताट ठेवलं. पवित्र आठवड्यात दरवर्षी वाचतात ना, पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारलं ते. मी अजून दोनदाच नाकारलं होतं.

आता कालचं. गास्पार आणि आणखी दोघांनी पहारींनी खडक फोडून दफनभूमीत मांडीभर खोल खड्डा केला होता. निघाल्या त्या कपच्याच. तांबड्या, धारदार. कोणीतरी म्हणालं, ह्याच ढकलू वरून. गास्पार म्हणाला, "माणसाने माती मागितलीय. नदीवरून चार पाट्या आणू."

मी गाढव सोडलं, पाट्या बांधल्या आणि वर गेले. चेरी नुकतीच फुलली होती. मधल्या झाडाच्या बुंध्याशी, जिथे बापाने शेवटची पाटी ओतली होती, तिथे खणायला सुरुवात केली. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला गास्पार वाटेत भेटला.

"अगं, मुळं उघडी पडली असतील."

"पडू देत."

त्याने गाढवाची दोरी घेतली आणि लंगडत पुढे चालू लागला.

खड्ड्यापाशी सगळं गाव. पाद्री आता नवे, तरुण. त्यांनी पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. मी पाटी ओतू लागले तशी तोमासा जवळ आली. तिला मातीचा रंग कळतो, इथे सगळ्यांनाच कळतो.

"कोन्सोल, ही तर वरच्या तालीची माती! तुझ्या बापाची! वेड लागलं का गं तुला?"

मी तिसऱ्यांदा गरम पाणी आणायला जाऊ शकले असते. म्हणाले असते, काका माझे धर्मपिता म्हणून. सगळ्यांना पटलं असतं, कौतुकही झालं असतं.

"ही तेव्हाच द्यायची होती," मी म्हणाले. "अडतीस साली. काकांचा हट्ट नव्हता तो. मी त्यांना गळ घातली होती, माझ्या तालीची माती जाऊ देऊ नका म्हणून. म्हणून पोती भरली नाहीत. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही."

पाद्र्यांनी पुस्तक मिटलं. तोमासाने जपमाळ मनगटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाली, "तेवीस वर्षं मी ह्या माणसाला तोंडावर हट्टी म्हणत आले." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "तू ऐकत असायचीस."

"हो," मी म्हणाले.

ती गेली. जाताना मला हात लावला नाही. बाकीचे एकेक करून पुढे आले, माझ्या पाटीतून मूठ-मूठ उचलून खड्ड्यात टाकली आणि निघाले. टाकली सगळ्यांनी, पण माझ्या तोंडाकडे कोणी पाहिलं नाही. उरलेली मी ओतली. सहा पाट्या. चारशे पोत्यांपुढे सहा पाट्या.

घरी येताना गास्पारला विचारलं, "तुला राग नाही आला?"

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"त्या वर्षीपासून तू चेरी तोंडात घातली नाहीस. सगळ्या गावाला वाटतेस, मुरंबा करतेस, एक दाणा चाखत नाहीस. मी लंगडा आहे, आंधळा नाही." मग स्वतःच्याच शब्दाला अडखळल्यासारखा थांबला आणि लंगडत पुढे निघाला.

तेही मला डाचतं. त्याला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, दोघे माझी वाट बघत राहिले. काका तर बघता बघता संपले. परवा लिंबाचं पाणी घेऊन मी त्यांच्या उशाशी बसले होते. चांगल्या कानाच्या बाजूला. म्हणाले, "काका, ते मातीचं..." ते म्हणाले, "चेरी फुलली का?" मी म्हणाले, "फुलली." ते म्हणाले, "मग झालं तर." आणि मी तेवढ्यावर गप्प बसले. त्यांनी मला सोडवलं म्हणून नव्हे, सोपं होतं म्हणून.

आज सकाळी सात अंडी. आभाळ भरून आलं आहे, वर बुंध्याशी खड्डा तसाच उघडा आहे, पाऊस आला तर कडेची मातीही खाली जाईल. गास्पार पाटी घेऊन गेला आहे.

एलादिओला पत्र लिहायला घेतलं आहे. 'प्रिय एलादिओ, सेवेरी काका गेले' एवढं झालं. पुढचं वाक्य मला येतं, कालच मोठ्याने म्हटलंय. पण ते त्याला त्याची बहीण वाचून दाखवणार, आणि त्या बाईने तेवीस वर्षं त्याचा हात धरून त्याला रस्ता दाखवला आहे. तिच्या तोंडून त्याला ते ऐकावं लागेल. दौतीतली शाई पुरेशी आहे. मी मघापासून त्याच ओळीवर बसले आहे, पण आज ती लिहिल्याशिवाय उठायचं नाही.